घरोघरचा हिंग

पाहुणे आमच्या हौद आळीत आले की हमखास म्हणतात, "काय भाग्यवान हो तुम्ही! पुढे जुना सातारा, मागे यवतेश्वराचा डोंगर, डोंगरावर बाग. आणखी काय पाहिजे माणसाला?" त्यांचं काय जातं म्हणायला! दोन दिवस राहायचं, सकाळी बागेत फिरून यायचं, आमच्या लाकडी महिरपींचं कौतुक करायचं आणि सर्व्हिस मोटार पकडून पुण्याला चालतं व्हायचं. मी पन्नाशी ओलांडली, सगळा जन्म इथे गेला. मला विचाराल तर डोंगराला पाठ लावून राहणाऱ्या माणसाला पहिलं पाहिजे असतं ते पाणी. आणि सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात नेमकं तेच आमच्याकडे नव्हतं.

आळीच्या मधोमध दगडी हौद आहे. छत्रपतींच्या काळात कधीतरी डोंगरातला झरा अडवून त्याचं पाणी खापरी नळानं इथवर आणलं. खापरी म्हणजे भाजक्या मातीचे हातभर लांबीचे नळ, एकाचं तोंड दुसऱ्यात बसवलेलं, सांध्याला चुना. सगळं जमिनीखाली. वर दिसतात ते फक्त उसासे, म्हणजे नळातली हवा बाहेर पडावी म्हणून वाटेत उभारलेले दगडी खांब. एका उसाशापासून दुसऱ्यापर्यंत नळ कसा वळत जातो, याचा कागद कुठल्याच कचेरीत नाही. ती वाट आमच्या घराण्याला माहीत. आजोबांनी वडिलांना चालून दाखवली, वडिलांनी मला. मी नगरपालिकेत पाणी खात्याचा साधा कारकून, पण या वाटेपायी आळीत मला मान होता. मी कुठे काठी टेकली की लोक म्हणत, "विष्णुपंत म्हणतात ना, मग खालून नळ आहेच." हा मान मला फार आवडायचा, हे आधीच कबूल करून टाकतो.

आता बागेचं. पस्तीस साली बादशहाच्या ज्युबिलीचा थाट झाला, तेव्हा आळीमागचा सगळा उतार कुंपण घालून बाग म्हणून राखून ठेवला. प्रत्येक घरानं एक झाड लावायचं ठरलं. कोणी गुलमोहर लावला, कोणी निलगिरी, साहेब बघायला आला तर त्याला ओळखीचं वाटावं असं काहीतरी. आमच्या शेजारच्या उमावहिनींनी पिंपळ लावला.

वहिनींचं माहेर सांगलीचं. यजमान मधुकरराव शाळेत चित्रकला शिकवायचे, माझे जिवलग मित्र. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पाळणा रिकामाच राहिला. पुढे सांगलीच्या त्यांच्या गुरुजींनी सांगितलं, पिंपळ लावा, पोटच्या मुलासारखा वाढवा आणि आठव्या वर्षी त्याची मुंज करा. आपल्याकडे ही रीत जुनी आहे. मुंज झालेला पिंपळ मग नुसतं झाड राहत नाही, तो त्या घरचा मुलगा होतो आणि कोणी त्याला कुऱ्हाड लावत नाही.

"भाऊजी, जागा तुम्ही दाखवा," वहिनी मला म्हणाल्या. "तुम्हाला डोंगराची माती कळते."

मी तिसऱ्या उसाशाच्या खालची जागा दाखवली. तिथली माती चैत्रातसुद्धा ओलसर असायची. ती का ओलसर असते हे मला ठाऊक होतं. खालच्या नळाचा एक सांधा झिरपत होता. तो उघडून चुना भरणं हे माझंच काम. पण म्हटलं, थोडंसं झिरपतंय, झिरपू दे, वहिनींना तेवढ्याच घागरी कमी वाहाव्या लागतील. यात माया किती होती आणि आळस किती, याचा हिशेब मला आजही लागत नाही. त्यांनी रोप लावलं, मी माती दाबली.

झाड असं वाढलं की बागेतल्या गुलमोहरांनी बघत राहावं. वहिनींनी त्याचं नाव श्रीधर ठेवलं. सुरुवातीला आम्ही चेष्टा करायचो. मधुकररावांना मी म्हणायचो, "काय हो, चिरंजीव अभ्यास करतात की नाही?" ते म्हणायचे, "वर्गात पान हलू देत नाही पठ्ठ्या." त्रेचाळीस साली मुंज झाली, तीही साग्रसंगीत. बुंध्याला नव्या पंच्याच्या पट्टीचं सोवळं, मुंज गवताची मेखला, हळदीत बुडवलेलं जानवं. मातृभोजनाला वहिनी बुंध्याशेजारी पाटावर बसल्या, एक घास त्याच्या पानावर, एक स्वतःच्या. भटजींनी बुंध्याला तोंड लावून हळू आवाजात गायत्री सांगितली. भिक्षावळीला सगळी आळी लाडू घेऊन उभी होती. चेष्टा करणारे आम्ही सगळे त्या दिवशी गप्प होतो. मधुकररावांचे डोळे पुन्हा पुन्हा भरून येत होते आणि ते होमाच्या धुराला नावं ठेवत होते.

दोन वर्षांनी मधुकरराव हृदयविकारानं गेले. मागे राहिल्या वहिनी आणि वरचा पिंपळ. रोज सकाळी त्या दोन घागरी घेऊन चढ चढायच्या, पाणी घालायच्या, घटकाभर पारावर बसून त्याच्याशी बोलायच्या. त्यांना कोणी वेडी म्हटलं नाही. आमच्या आळीत एवढी जाण होती, असं मला तेव्हा वाटायचं.

सत्तेचाळीसच्या फाल्गुनात हौदाची धार बारीक झाली आणि गुढीपाडव्याला बंद पडली. मी काठी घेऊन वर गेलो. तिसऱ्या उसाशात पाणी वर चढून आलेलं, चौथा कोरडा ठणठणीत. म्हणजे अडलंय ते दोघांच्या मधे. मधे काय आहे ते मला काठी टेकायच्या आधीच कळलं होतं.

माझ्या हाताखाली दादासो नावाचा गडी होता. जतकडचा धनगर, दुष्काळात मेंढरं गेली म्हणून नगरपालिकेच्या खोदकामावर लागलेला. त्यानं पाराच्या खालच्या अंगाला चर खणला. नळ उघडला आणि त्यानं आत हात घालून ओढलं, तर बाहेर आली ती मुळांची जटा. केसांसारखी बारीक, ओली, दोन हात लांब. माझा न बुजवलेला सांधा शोधून पिंपळ आत शिरला होता.

"पंत, लय दिसाचं हाय ह्ये," दादासो म्हणाला. "आतच बिऱ्हाड केलंय की गड्यानं."

आम्ही नळ साफ केला, सांधा भरला, पाणी सुरू झालं. पंधरा दिवसांनी पुन्हा बंद. पुन्हा खणलं, पुन्हा जटा काढली, ह्या वेळी शेजारचे दोन सांधेही फुटलेले. बारा दिवसांनी पुन्हा तेच. खापरी घडवणारा कुंभार आता जिल्ह्यात उरला नव्हता. लोखंडी नळ मागावा तर लढाई संपून दोन वर्षं झाली तरी लोखंडाला परमिट. ओव्हरसियर साहेबांनी चर बघितला आणि म्हणाले, "झाड काढा. नाहीतर लोखंडी नळासाठी दोन वर्षं थांबा." मी म्हटलं, "साहेब, तसा लेखी हुकूम द्या." ते म्हणाले, "मी कशाला देऊ? मलाही मुलंबाळं आहेत." आणि छत्री उघडून निघून गेले.

खालच्या पेठेतल्या विहिरीला साठ पायऱ्या. तिथून आळीपर्यंत चढ. आळीतल्या बायका सकाळ-संध्याकाळ तो चढ चढायला लागल्या. वैशाखात शालूबाई सातव्या महिन्यात असताना विहिरीच्या पायरीवरून घसरली. मूल वाचलं, पण ती महिनाभर अंथरुणाला खिळली. त्यानंतर मात्र आळीतलं वातावरण फिरलं.

कोरड्या हौदाच्या कडेला सगळे जमले. वहिनी नव्हत्या, म्हणजे त्यांना बोलावलंच नव्हतं. पिंपळ काढायला पाहिजे यावर एका मिनिटात सगळ्यांचं एकमत झालं. काढायचा कोणी, यावर सगळे आपापल्या पायांच्या बोटांकडे बघायला लागले. सुताराला विचारलं, त्यानं कानावर हात ठेवले. शेवटी मी दादासोला विचारलं. त्याला चार रुपये जास्त देऊ म्हटलं.

"पंत, आमी धनगर. शेळीला डहाळं पाडतो, पिपळाचं बी पाडतो," तो म्हणाला. "पर ह्याची मुंज झाल्या. त्ये झाड न्हाई ऱ्हायलं. दुसरं काय बी सांगा, ह्ये न्हाई हुयाचं."

मग बनुबाई बोलल्या. आळीतल्या सर्वांत वयस्कर बाई, त्यांचा शब्द सहसा खाली पडत नाही. "कुऱ्हाड लावूच नका ना," त्या म्हणाल्या. "मुळाला भोक पाडायचं आणि हिंग भरायचा. झाड आपसूक वाळतं. माझ्या आजोळी परड्यातली चिंच अशीच वाळवली होती. कोणी तोडली नाही, कोणाला दोष नाही."

सगळ्यांच्या तोंडावर एकदम उजेड आला. मला त्याची शिसारी आली आणि मलाही सुटल्यासारखं वाटलं. दोन्ही खरं आहे.

पण हिंग आणायचा कुठून? पंजाबात दंगली पेटलेल्या, काबूलकडचा माल येईना, आमच्या वाण्याकडे डबीच्या तळाशी धूळ तेवढी होती. तेव्हा ठरलं की प्रत्येक घरानं आपल्या डब्यातला थोडा थोडा द्यायचा. बनुबाई म्हणाल्या, "बरंच झालं. वाटून गेलं म्हणजे एकाच्या माथी नको." आणि भोक पाडायचं, भरायचं काम माझ्याकडे आलं. नळाची वाट मला माहीत, चर माझ्या खात्याचा. मला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हटलं असतं तर पिंपळ तिथे कसा आला हे कोणीतरी विचारलं असतं.

एक मात्र मी धरून बसलो. वहिनींना आधी सांगायचं. "तुम्हीच सांगा मग," सगळे म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पाट दिला, गूळ-पाणी पुढे ठेवलं. ते पाणी त्यांनी स्वतः साठ पायऱ्या चढून आणलेलं.

"भाऊजी, मला कळतंय हो," त्या आपणच म्हणाल्या. "त्याच्यामुळे सगळ्यांना त्रास होतोय. तुम्ही दर पंधरा दिवसांनी खणता, ते मी बघते. मी त्याला रोज सांगते, बाबा रे, पाय आवरून बस. ऐकेल तो. तुम्ही चांगली जागा दाखवलीत म्हणून तर एवढा वाढला. यांनासुद्धा तुमचं फार वाटायचं त्याबद्दल."

मी गूळ खाल्ला, पाणी प्यायलो आणि उठलो. बाहेर आल्यावर आमच्या हिनं डोळ्यांनीच विचारलं. मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते मला तरी कुठे माहीत होतं? हिनं ती होकाराची धरली.

आमची ही म्हणजे विनोदिनी. हिंग गोळा करायचं तिच्याकडे आलं. पितळी वाटी पदराखाली धरून ती घरोघर फिरली. वहिनींचं दार ती टाळून पुढे जात होती, तर वहिनींनीच ओसरीवरून हाक मारली.

"काय गं विनोदिनी, सगळ्यांकडे गेलीस आणि माझ्या दारावरून तशीच जातेस होय? काय गोळा करत्येस?"

वहिनींना कोणी काही सांगितलेलंच नाही, हे हिच्या तेव्हा लक्षात आलं. "हिंग," ती म्हणाली. "लोणच्याला."

"मग मला सांगायचं नाही का? माझ्या भावानं सांगलीहून खडा हिंग पाठवलाय, चांगला वासाचा. मला एकटीला कितीसा लागतो!" आणि त्यांनी आतून डबी आणून अख्खी वाटीत उपडी केली. ही नको नको म्हणत राहिली, वहिनींना तो संकोच वाटला. मला हे समजलं ते वाटी माझ्या हातात आल्यावर. सगळ्या आळीचा मिळून जेवढा हिंग होता, त्यापेक्षा वहिनींचा एकटीचा जास्त होता. ही चुलीपुढे बसून रडत होती. मी तिच्यावर ओरडलो, "त्यांचा वेगळा काढून परत का नाही केलास?" ती म्हणाली, "काय सांगून परत करू?"

त्याच आठवड्यात वहिनी भाचीच्या लग्नाला सांगलीला गेल्या. मोटारीत बसताना मला म्हणाल्या, "आठ दिवस त्याला दोन घागरी घाला हं. एवढं ओझं तुमच्यावर टाकते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चरात उतरलो. नळ पुन्हा साफ केला आणि नळाकडे जाणारी दोन जाड मुळं कापली. मग बुंध्याखालच्या मुळाला पहारीनं तीन भोकं पाडली, चांगली वीतभर खोल. दादासोनं पहार हातात दिली आणि म्हणाला, "पंत, मी तकडं तोंड करून बसतो. वाईट वाटून घेऊ नगा." आणि खरंच तो डोंगराकडे तोंड करून बसला. मी हिंग ठासून भरला, वर मातीनं लिंपलं. हाताला वास इतका बसला की रात्री जेवताना पहिला घास मला गिळवेना. शिवाय कबूल केल्याप्रमाणे मी रोज दोन घागरी पाणी घालत होतो. लोक बघत होते आणि मी घालत होतो. याला काय म्हणावं, ते तुम्हीच ठरवा.

वहिनी परत आल्या तेव्हा हौद वाहत होता. आळीत दिवाळी असावी तशी धुणी वाळत होती. त्यांना एवढा आनंद झाला! "बघा, ऐकलं की नाही त्यानं?" असं त्या दारोदार सांगत सुटल्या. बायका मान खाली घालून "हो हो" म्हणत होत्या.

आठवड्याभरात पिंपळाची पानं कडेनं पिवळी पडायला लागली.

"भाऊजी, काय झालंय हो याला?" त्या मला विचारायच्या. कधी ओसरीवर, कधी हौदावर, कधी थेट कचेरीच्या पायरीशी येऊन. "तुम्हाला मुळांतलं कळतं. बघा ना जरा."

मी जायचो. बघायचो. "उन्हाचा तडाखा आहे," म्हणायचो. "चर खणला ना, मुळांना हवा लागली असेल." वहिनींनी ताक घातलं, राखेचं पाणी घातलं, बुंध्याला हळदीचा लेप लावला. दुपारभर ओलं फडकं बुंध्याला गुंडाळून बसायच्या, तापात मुलाच्या कपाळावर पट्ट्या ठेवतात तशा. एके दिवशी म्हणाल्या, "दोन खेपेला पोटात होतं तोवर जपलं, तेव्हा काय चुकलं ते कळलं नाही. आताही कळत नाहीये. माझ्या हातालाच काहीतरी असेल." मला तिथल्या तिथे सांगून टाकावंसं वाटलं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "असं मनात आणू नका, वहिनी." माझी मलाच इतकी किळस कधी वाटली नव्हती.

हिंगानं वाळला की मुळं कापल्यानं, देव जाणे. आषाढ लागला, सगळा डोंगर हिरवा झाला, बागेतली निलगिरीसुद्धा टवटवीत, आणि पिंपळाच्या फांद्या उघड्या. वाचनालयात रोज स्वराज्याच्या तारखेची चर्चा. आळीनं हौदावर झेंडा लावायचं ठरवून वर्गणी काढली. वहिनींनीही दिली.

आषाढी अमावास्येच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. पाऊस उघडला होता. "शेणखत घालायचंय," म्हणाल्या. "शेवटचा उपाय. तुम्ही नुसते उभे राहा, नळाला धक्का लागायला नको."

त्या गुडघ्यांवर बसल्या आणि खुरप्यानं बुंध्याजवळची माती मोकळी करू लागल्या. मी सांगायला पाहिजे होतं की तिथे नको, दुसरीकडे उकरा. पण कुठेही उकरलं असतं तरी काय फरक पडणार होता? माझं लिंपण निघालं. वहिनी थांबल्या. वाकून मुळाजवळ नाक नेलं. मग भोकात बोट घालून थोडं बाहेर काढलं आणि हुंगलं. तीस वर्षं फोडणी करणाऱ्या बाईला तो वास कोणी सांगावा लागत नाही.

त्यांनी वर बघितलं. मी खाली बघितलं. तेवढ्यानं सगळं सांगून झालं होतं, तरी मी बोलायला लागलो, कारण गप्प बसणं आता आणखी अवघड होतं. सभा, बनुबाई, शालूबाईचं घसरणं, पहार, सगळं सांगितलं. आणि ज्याबद्दल मला कोणी विचारलं नव्हतं तेही सांगितलं, की बारा वर्षांपूर्वी ही जागा ओलसर का होती ते मला माहीत होतं, तो सांधा मी भरला नव्हता.

त्या बराच वेळ बोटांवरचा हिंग चोळत राहिल्या.

"मला विचारलं का नाही?" त्या म्हणाल्या.

"विचारायला आलो होतो. त्या दिवशी, गूळ-पाणी दिलंत तेव्हा."

"मग?"

"तोंड उघडलं नाही."

"मी काय म्हटलं असतं ते मलाही सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "कदाचित हो म्हटलं असतं. शालू पडली तेव्हा माझ्याही मनात आलं होतं. पण मग मी त्याला सांगितलं असतं. शेवटचं पाणी घातलं असतं. तेवढं तरी करू द्यायचं होतं, भाऊजी."

मी म्हणालो, "वहिनी, मला काय वाटेल ते बोला. मारा हवं तर. चूक माझी आहे."

"एकट्याची कशी?" त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, बाजाराची यादी विचारतात तसा. "एवढा हिंग एका घरात नसतो. कोणाकोणाचा आहे?"

मी नावं सांगितली. बनुबाईंचा. शालूबाईच्या सासूचा. सुताराकडचा. आमचा. एकेका नावाला त्या मान हलवत होत्या. मी चौदा घरं सांगितली आणि थांबलो. आळीत घरं पंधरा आहेत.

वहिनींनीही ती मोजली असावीत. त्यांच्या हातातलं खुरपं खाली पडलं.

"लोणच्याचा," त्या म्हणाल्या.

त्यांनी बुंध्याला हात लावला, आणि लगेच काढून घेतला, जणू आपल्याला तो लावायचा हक्क उरला नाही. मग त्या रडल्या. मोठ्यानं नाही. मी दोन हात अंतरावर उभा होतो आणि मला पुढे होऊन धीर द्यायचीही लाज वाटत होती.

"चौदा घरांवर मी जन्मभर रागावले असते," शेवटी त्या डोळे पुसून म्हणाल्या. "सांगलीला निघून गेले असते, इथल्या पाण्याला तोंड लावलं नसतं. आता कुणावर रागवायची सोयसुद्धा ठेवली नाहीत तुम्ही मला."

मी त्यांना उठवायला हात पुढे केला. त्यांनी तो घेतला, कारण गुडघे दुखत होते आणि तिथे दुसरं कोणी नव्हतं. आम्ही उतार उतरून आळीत आलो. हौदावर संध्याकाळच्या पाण्याची रांग लागली होती. आम्हाला दोघांना एकत्र बघून बायकांनी बाजूला सरून वाट करून दिली. वहिनी घरात गेल्या, घागर घेऊन बाहेर आल्या आणि रांगेत सगळ्यांच्या मागे उभ्या राहिल्या.